माऊस त्यांच्या हातात दे

बाळ,

तू घानातून रात्री अकराला लिहिलंस, म्हणजे इथे सोलापुरात पहाटेचे साडेचार. उठल्यावर वाचलं आणि चहा होईपर्यंत चिडूनच बसलो होतो. तुझ्यावर नाही, तिथल्या विणकरांच्या स्टॉक रजिस्टरबद्दलच्या त्या एका वाक्यावर. ‘सेक्रेटरीबाईंना जमत नाहीये, रात्री हॉटेलवर बसून मीच सगळं एक्सेल करून टाकू का?’

नाही. अजिबात नाही.

बाकीचं सगळं कळतं मला. नाश्त्याच्या टेबलावर निरनिराळ्या देशांचे सहकारी, सगळ्यांचे लॅपटॉप उघडे. व्हॅन येईपर्यंत पुण्याच्या मेलचा ढीग. ऐन कामात लाइट जाते. शेंगाचटणी संपत आली म्हणून तोंड पाडू नकोस, तिथे शेंगदाण्याचं सूप करतात, फुफूबरोबर (उकडून कुटलेल्या कंदांचा गोळा) खाऊन बघ. शनिवारी बाई अंत्यविधीला गेल्या आणि दिवस फुकट गेला म्हणतेस. अगं, घानात शनिवारी लोक अंत्यविधीलाच जातात, सगळा गोतावळा जमतो. गड्ड्याच्या जत्रेत आपल्या पूर्व भागात येऊन कुणी स्टॉक रजिस्टर मागितलं असतं, तर त्याला कोण भेटलं असतं, सांग की.

कंपनीने आपली माणसं महिन्याभरासाठी परदेशात अशी मदतीला पाठवायचं हे काम आयबीएमने 2008 साली सुरू केलं, पुढे इतरही कंपन्या तसंच करू लागल्या. चार आठवडे. पहिला ओळखीपाळखीत जातो, शेवटचा प्रेझेंटेशन आणि निरोपात. उरले दोन. त्या दोन आठवड्यांत तू स्वतःच्या हाताने जे करशील, ते तू विमानात बसलीस की बंद पडणार. म्हणून माऊस बाईंच्या हातात. त्या चुकतील, चुकू दे. एका ओळीला दहा मिनिटं लागतील, लागू दे. तू हात मांडीवर ठेवून बस.

आता तू बोनविरेहून, त्या विणकरांच्या गावाहून, पाठवलेला फोटो. मी तो मोठा करून पाहिला. विणकराच्या पायांच्या बोटांत दोऱ्या अडकवल्यात, समोर लांबवर ताण्याच्या टोकाला दगडाचं वजन आहे, आणि मागावर उतरणारी पट्टी जेमतेम चार इंचांची. अशा पट्ट्या एकमेकींना शिवून घानाचं ते केंटे कापड होतं. 2024 साली ही कला युनेस्कोच्या यादीत गेली. आणि तुझ्या शीटमध्ये रकाना कसला? मीटरचा! त्या पट्ट्या मोजत असणार, बाळ. बाईंना जमत नाही असं नाही, तुझा रकाना चुकलाय. पहिल्या दिवशी माऊस त्यांच्याकडे दिला असतास तर त्यांनी तिथल्या तिथे विचारलं असतं, ‘पट्ट्या कुठे लिहू?’

माझ्या मेहुण्याच्या टॉवेलच्या कारखान्यात एक हुशार पोरगा असाच आला होता. रात्री जागून स्टॉकचं सॉफ्टवेअर बसवलं, सगळ्यांशी हात मिळवून गेला. महिन्याभराने मी गेलो तर कॉम्प्युटरवर आमचाच टॉवेल झाकलेला, वर मुनीमजींचा चष्मा, आणि मुनीमजी रोजमेळ लिहितायत. त्यांना कुणी कधी खुर्चीत बसवलंच नव्हतं.

मला कंपनीने टांझानियाला पाठवलं, तेव्हा हे डोक्यात पक्कं होतं. एका छोट्या दवाखान्याचा औषधसाठा होता. स्टोअर सांभाळणारा मुलगा अख्खी सकाळ घालवून दोन पानं टाइप करायचा. मी हात लावला नाही. शेवटच्या बैठकीत माझ्याकडे रंगीत डॅशबोर्ड नव्हता. तो मुलगा उभा राहिला, अडखळत त्याने त्याचं अर्धंमुर्धं रजिस्टर दाखवलं. परत आल्यावर अप्रेझलमध्ये शेरा पडला, ‘निष्पत्ती कमी’. पुन्हा मला कुठे पाठवलं नाही. त्याचं वाईट वाटतं, आजही वाटतं. आफ्रिका अजून पाहायची होती. पण माझंच बरोबर होतं. मी डॅशबोर्ड केला असता, तरी त्याला त्या मुलाशिवाय कोण वाली होता? (तुझी काकू म्हणतेय, झालं, लागले स्वतःचं सांगायला.)

आणि बाबांना सांग, ‘आमची लेक म्हणजे दुसरी कोटणीस’ असं स्टेटस लावणं बंद करा. डॉ. कोटणीस 1938 साली चीनला गेले ते 1942 मध्ये तिथेच वारले, वय अवघं 32. तुझी महिन्याची ट्रिप त्यांच्या शेजारी ठेवू नये. घ्यायचंच असेल तर एवढं घे, त्यांनी नुसती ऑपरेशनं केली नाहीत. चिनी भाषा शिकले आणि कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत तिथल्या पोरांना शिकवलं. भैय्या चौकातून इतक्यांदा गेलीस, त्यांच्या स्मारकात कधी आत गेलीस का?

मॅनेजर म्हणेल, स्लाइड कमी पडतायत. पडू देत. प्रेझेंटेशनला बाईंना उभं कर, तू मागच्या रांगेत बस. अप्रेझलचं काय व्हायचं ते होईल. होईल वाईट कदाचित, खोटं कशाला सांगू.

उद्या लॅपटॉप उघडू नकोस. बाईंची वही माग. असणारच वही. त्यात उधारी कुठे लिहितात आणि अर्धवट विणलेली पट्टी कशी धरतात, ते विचारून मला कळव. ते कळल्याशिवाय रकाने पाडू नकोस.

काका