दहा पुस्तकांची यादी मागितलीस म्हणून

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

परवा अभ्यासिकेच्या पायरीवर तू विचारलंस, "काका, उपयोगी पडतील अशी दहा पुस्तकं सांगा." मी काहीतरी पुटपुटून सटकलो. रात्री झोप लागेना. राग तुझ्यावर नव्हता, त्या 'उपयोगी'वर होता. मुलाखतीत सांगायला नावंच हवी असतील तर ती कुणीही देईल.

माझं म्हणणं एकच आहे. ज्याच्या घरी तू कधी पाणी प्यायला नाहीस, त्याचं पुस्तक आधी उघड.

मला हे फार उशिरा कळलं. दया पवारांचं 'बलुतं' हे दलित आत्मकथन १९७८ साली आलं, तेव्हा मी कॉलेजात. ग्रंथपालांनी आपणहून हातात ठेवलं होतं. चार पानं चाळून परत केलं आणि गड-किल्ल्यांची कादंबरी घेऊन आलो. तसल्या कादंबऱ्या मला तोंडपाठ होत्या. होस्टेलवर माझ्याच खोलीत दोन वर्षं एक मुलगा राहिला. घरचं कधी बोलायचा नाही, मीही विचारलं नाही. चाळिशीत 'बलुतं' वाचलं तेव्हा त्याचं गप्प राहणं समजलं. तोवर त्याचा पत्ता हरवला होता.

म्हणजे आत्मकथनंच वाचायची का? छे! उद्धव शेळक्यांची 'धग' घे, १९६० ची. वऱ्हाडातलं शिंप्याचं घर, नवऱ्याला महारोग, आणि पोराला शिकवायचंच हा त्याच्या आईचा, कौतिकचा हट्ट. वऱ्हाडी बोलीत सुरुवातीला अडखळशील. अडखळ की! लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घे. सोवळ्याओवळ्यात वाढलेली बाई, नवरा १८९५ साली ख्रिस्ती होतो, आणि हे सगळं सांगताना ती स्वतःवरच हसते. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' घे. कर्ज फेडायला दक्षिणा मिळवू म्हणून वरसईहून निघालेला माणूस सत्तावनच्या धामधुमीत झाशीत अडकतो. तुझ्या गाईडात लढायांच्या तारखा आहेत, लपून बसलेल्या माणसाची भीती नाही. भटजी आपल्यातलेच, असं म्हणशील? त्या काळातल्या घरात तू कुठे पाणी प्यायलास?

तुझी काकू अजून ऐकवते, पुस्तकांपायी मी बढतीची परीक्षा दोनदा सोडली. सोडली. बदली झाली असती, संध्याकाळचं वाचनालय सुटलं असतं. मी आळशी नव्हतो, एवढं लक्षात ठेव. (पगार वाढला असता तर घर आधी झालं असतं, हेही खरंच.)

पुन्हा सांगतो, आवडीचं वाचायला कुणाच्या सल्ल्याची गरज नसते. न प्यायलेलं पाणी शोध.

रविवारी ये. 'स्मृतिचित्रे' माझ्याकडची ने, पानं दुमडू नकोस. 'धग' कुणीतरी नेली ती परत आलीच नाही, ती वाचनालयात माग. आणि येताना, अभ्यासिकेत तुझ्या शेजारी बसतो त्या मुलाचं गाव कोणतं, ते विचारून ये.

तुझा,
काका