पाश्चात्त्य देशांचं रशिया-चीनबद्दलचं मत इतक्या झटपट कसं बदललं? त्यांना वादात उत्तर काय द्यावं?

कालपर्यंत रशिया-चीनला मिठ्या मारणाऱ्यांना आज एवढा तिटकारा कुठून आला, आणि रशियन तेलावरून भारताला सुनावणाऱ्यांना ऑनलाईन काय उत्तर द्यायचं, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या भागाचा मला चांगलाच सराव आहे, म्हणून लिहितेय.

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला आहे. टीममध्ये एक ज्येष्ठ सहकारी आहे. हुशार, अडीअडचणीला धावून येणारा, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारा. सप्टेंबर २०१८ मध्ये ट्रम्प संयुक्त राष्ट्रांत म्हणाले, की जर्मनी ऊर्जेसाठी पूर्णपणे रशियावर अवलंबून होईल. समोर बसलेलं जर्मन शिष्टमंडळ तेव्हा गालातल्या गालात हसत होतं. तो व्हिडिओ यानेच आम्हाला कँटीनमध्ये दाखवला आणि स्वतः खो-खो हसला. त्याचं म्हणणं, शीतयुद्ध ऐन भरात असतानाही सोव्हिएत गॅस येतच होता, मग आता कशाला थांबेल? शिवाय व्यापार वाढला की समोरचा देश आपोआप निवळतो, यावर त्याची (आणि तिथल्या दोन्ही मोठ्या पक्षांची) श्रद्धाच होती. मी युक्रेनच्या क्रायमियाचा विषय काढला. २०१४ मध्ये रशियाने तो गिळला आणि पुढच्याच वर्षी रशियातून जर्मनीत गॅस आणणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम २ पाइपलाइनच्या करारावर सह्या झाल्या, हे कसं? तर म्हणे, "तुम्हा लोकांना युरोप कळायला वेळ लागतो." टेबलावरचे बाकीचे आपापल्या ताटात बघत बसले.

मग २०२२ उजाडलं. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि तीनच दिवसांत तेव्हाचे जर्मन चॅन्सेलर शोल्झ यांनी सैन्यासाठी १०० अब्ज युरोंचा निधी जाहीर केला. महिन्याभरात त्याच कँटीनमध्ये तोच माणूस मला विचारतो, "रशियाचं तेल घ्यायला भारताला लाज कशी वाटत नाही?" मी म्हटलं, युद्धाआधी आमच्या आयातीत रशियन तेल दोन टक्केसुद्धा नव्हतं, तुमच्याकडे मात्र निम्म्याहून जास्त गॅस तिकडून यायचा आणि आत्ता आपण बोलतोय तेव्हाही पाइपलाइन चालूच आहे. "ते वेगळं. आम्ही त्यातून बाहेर पडतोय." इथवर ठीक होतं. पण पुढे म्हणाला, "पुतिन काय चीज आहे हे आम्ही कधीपासून ओळखून होतो." आणि सगळं टेबल माना डोलावतंय! २००१ मध्ये हेच पुतिन बर्लिनच्या संसदेत जर्मनमधून बोलले, तेव्हा खासदारांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. मत बदललं याचा मला राग नाही, बदलायलाच हवं होतं. आपलं मत कधी वेगळं होतं हेच माणसं साफ विसरतात, त्याचा येतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. माझं मत रोखठोक आहे: दृष्टिकोन बिलाच्या मागे चालतो. २०१५ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरॉन शी जिनपिंगना पबमध्ये बिअर पाजत होते, ब्रिटन-चीन संबंधांच्या सुवर्णयुगाची भाषा होती. २०२० मध्ये ह्वावे या चिनी टेलिकॉम कंपनीला ५जी मधून हद्दपार करायचं ठरलं आणि २०२२ मध्ये पंतप्रधान सुनाक यांनी ते युग संपल्याचं सांगून टाकलं. मधे हाँगकाँगमधली दडपशाही झाली, शिनजियांगमधल्या उइगुर मुस्लिमांचं प्रकरण झालं, पण अमेरिकेचा दबावही होता. लोकशाही-हुकूमशाहीचं कारण मला कोणी देऊ नये. १९८७ मध्ये अमेरिकी खासदार त्यांच्या संसदेबाहेर घण घालून तोशिबाचा रेडिओ फोडत होते, आणि जपान तर लोकशाही देश, वर मित्रही. तोशिबाच्या उपकंपनीने सोव्हिएतांना यंत्रं विकली होती हे खरं, पण खदखद जपानी मालाचीच होती.

हे म्हणताना दुसरी बाजूही सांगते. जर्मनांनी झळ सोसली. त्या हिवाळ्यात सरकारी कचेऱ्यांत १९ अंशांच्या वर हीटिंग नव्हतं, गॅसची बिलं बघून घाम फुटायचा, आणि विल्हेल्म्सहाफन बंदरात एलएनजीचं, म्हणजे जहाजाने येणाऱ्या द्रवरूप गॅसचं, टर्मिनल वर्षाच्या आत उभं राहिलं. आपल्या आयातीतलं रशियन तेलही दोन टक्क्यांवरून तिसऱ्या हिश्शाच्या पुढे गेलं, म्हणजे आपणही काही सोवळ्यात नाही. त्याच तेलाचं डिझेल करून आपण युरोपला विकलं, त्यांनी ते घेतलं, आणि या पळवाटेवर बंदीचा निर्णय घ्यायला त्यांना २०२५ साल लागलं.

त्यामुळे वादात इंग्रजांनी लुटलं, कोहिनूर नेला वगैरे सुरू करू नका. माझे पुण्याचे भावजी फॅमिली ग्रुपवर हेच करतात आणि समोरच्याला सुटायला वाट मिळते. साल विचारा. २०१५ मध्ये, २०१८ मध्ये तुम्ही काय म्हणत होता, एवढंच. आमच्या त्या सहकाऱ्याला मी अजून एकदा विचारणार आहे, या वेळी चीनबद्दल. ऑक्टोबर २०२४ मध्ये चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवरच्या जादा आयातशुल्काला जर्मनीने ब्रसेल्समध्ये युरोपियन युनियनच्या मतदानात विरोधी मत दिलं, कारण आमच्या गिऱ्हाईक कंपन्यांच्या गाड्या चीनमध्ये खपतात. तो सध्या पुन्हा म्हणायला लागलाय, की व्यापार चालू ठेवला तरच चीन ताळ्यावर राहील.