वर्गात कोणतं अ‍ॅप चालेल? छात्राध्यापकांचे प्रश्न

शाळानुभवाचे, म्हणजे छात्राध्यापकांनी शाळेत जाऊन सराव पाठ घेण्याचे, दिवस जवळ आले की तेच ते प्रश्न येऊ लागतात. कुणीतरी ग्रुपवर 'शिक्षकांसाठी ५० मोफत अ‍ॅप' अशी यादी टाकतं आणि ती पुढे फिरत राहते. त्यातली निम्मी अ‍ॅप कुणी उघडूनही पाहिलेली नसतात. म्हणून या वेळी काही प्रश्न एकत्रच घेतो.

प्रश्न : शाळेत इंटरनेट नाही. फेट या संकेतस्थळावरची विज्ञानाची सिम्युलेशन (पडद्यावर करून बघायचे प्रयोग) चालतील का? (बी.एड., नंदुरबार)

चालतील. घरी उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या, ब्राउझरमध्ये उघडतात. बरीच मराठीतही आहेत. शाळेच्या संगणकावर आदल्या दिवशी एकदा चालवून बघा.

प्रश्न : सातवीला काहूटवर (मुलांनी मोबाइलवरून उत्तरं द्यायचं अ‍ॅप) प्रश्नमंजूषा घ्यायची आहे. पट ५२. मुलांना घरून मोबाइल आणायला सांगू का? (बी.एड., सांगली)

अजिबात सांगू नका. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरातल्या मुलानं काय करायचं? प्लिकर्स हे अ‍ॅप बघा. त्यात मोबाइल फक्त तुमच्या हातात असतो. प्रत्येक मुलाला क्रमांक असलेलं एक छापील कार्ड मिळतं. त्यावर काळी चौकटीदार आकृती आणि चार बाजूंना बारीक ए, बी, सी, डी. उत्तर असेल ती बाजू वर धरून कार्ड उंच करायचं, तुम्ही कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. अक्षरं इतकी बारीक की शेजारच्याला उत्तर दिसत नाही. ४० कार्डांचा संच तुम्हाला पुरणार नाही, ६३ चा छापा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, खिडकीचा उजेड पडला की कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. आणि आकृतीवर अंगठा ठेवायचा नाही, हे मुलांना आधीच बजावा. मोबाइल वर्गात नेण्याआधी मुख्याध्यापकांना विचारा.

प्रश्न : पाठ टाचण (पाठाचं लेखी नियोजन) चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर? सीनियर म्हणतात, कुणाला कळत नाही. (बी.एड., पुणे)

कळतं. 'विद्यार्थी उत्साहाने सहभागी होतील' हे वाक्य चार वह्यांत जसंच्या तसं आलं की निरीक्षकाला वेगळं यंत्र लागत नाही. सरावासाठी जास्तीचे प्रश्न काढून घ्या, हरकत नाही. पण पाठ्यपुस्तकातल्या कवितेबद्दल विचारलंत तर ते बेधडक भलत्याच ओळी रचून देतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. शब्द न् शब्द त्याच्याशी ताडून बघा. महाविद्यालयाचा नियम काय आहे, ते मार्गदर्शकांना विचारा. सीनियरना नको.

प्रश्न : मुलांची प्रगती नोंदवायला एक मोफत अ‍ॅप सापडलं. मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, फोटो आणि पालकांचा मोबाइल मागतं. गूगल फॉर्मवर पालकांकडून माहिती मागवून भरू का? शाळेतले सर म्हणाले, काही होत नाही. (डी.एल.एड., परभणी)

'काही होत नाही' म्हणणाऱ्या सरांना विचारा, त्यांच्या मुलीचा फोटो आणि त्यांच्या घरचा नंबर आपण चौकात लावू का?

आधी फॉर्मचं बघू. गूगल फॉर्ममध्ये उत्तरांचा सारांश भरणाऱ्यांना दाखवण्याची एक सोय असते. ती चुकून चालू राहिली की फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला आधीच्या सगळ्यांची नावं आणि नंबर दिसतात. उत्तरांचा तक्ता 'लिंक असलेल्या कुणालाही' खुला ठेवला, तर लिंक जिथे जाईल तिथे वर्गाची हजेरी जाते. तुम्ही छात्राध्यापक आहात, थोड्या आठवड्यांत शाळा सोडाल. तो तक्ता तुमच्या खासगी खात्यात पडून राहणार. नंतर तो पुसणार कोण?

आता अ‍ॅप. प्रगती नोंदवायला जन्मतारीख कशाला लागते? पालकांचा नंबर तर शिकवणीच्या जाहिरातीसाठीच उपयोगी. 'मोफत' शब्दाची किंमत इथे मुलं मोजतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती हवी, आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं आहे, शिक्षण संस्थांना काही बाबतींत सवलतही आहे. ती सवलत तुमच्या अ‍ॅपला लागू होते की नाही, हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. मुख्याध्यापकांकडे जा, शक्यतो लेखी विचारा. होकार मिळेपर्यंत नावांऐवजी हजेरी क्रमांक वापरा, फोटो मुळीच नको. आणि हो, सराव पाठाचे व्हिडिओ मुलांच्या चेहऱ्यांसह स्टेटसला टाकणं आजपासून बंद करा. पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही परस्पर तयार करू नका, त्यात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो.

वही आणि पेन असताना प्रगतीची नोंद अडत नाही, हे जाता जाता.

प्रश्न : 'डिजिटल शिक्षक' कार्यशाळा मोफत होती, शेवटी प्रमाणपत्राचे १९९ रुपये मागतात. नोकरीत उपयोग होईल का? (डी.एल.एड., जालना)

पैसे ठेवा खिशात. पवित्र या सरकारी पोर्टलवरची शिक्षकभरती मुख्यतः अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते, असल्या रंगीत कागदांवर नाही. शिकायचंच असेल तर दीक्षा या सरकारी शिक्षण-पोर्टलवर फुकट अभ्यासक्रम आहेत. '१४ दिवस मोफत' म्हणत कार्डाचा तपशील किंवा ऑटोपे मागणारी अ‍ॅपही तशीच. पंधराव्या दिवशी पैसे कापले जातात, आठवण फक्त बँकेचा संदेश करून देतो. शंका असेल तर महाविद्यालयात विचारून मगच पैसे भरा.

प्रश्न : परवा वार्षिक पाठ आहे, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज. जिओजेब्रा हे भूमितीचं सॉफ्टवेअर कधी वापरलेलं नाही. दोन दिवसांत येईल का? (बी.एड., नाशिक)

येईल, पण परीक्षकांसमोर प्रोजेक्टर रुसला की तुम्ही गडबडाल. हा प्रश्न महिनाभर आधी विचारायचा होता. आता प्रत्येक मुलाला कागदाचा त्रिकोण कापायला लावा, तिन्ही कोपरे फाडून एका सरळ रेषेवर टोकाशी टोक जुळवायला सांगा. १८० अंश त्यांच्या बाकावरच दिसतील. टाचण तसं बदला आणि बदल मार्गदर्शकांना आजच दाखवा, उद्या नाही.