त्या तक्त्यात माझी नोकरी कुठं आहे?

मी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या जोडप्यांचं समुपदेशन करते. माझ्याकडे येणारा एक प्रश्न थोड्याफार फरकानं असा असतो: "हे म्हणतात, बे एरियातलं घर विकू आणि न्यू मेक्सिको, ॲरिझोना, युटा असं कुठंतरी लहानशा गावात घर घेऊन राहू. पैसे उरतील, शांतता मिळेल. माझं मन घेत नाही. मी उगाच अडून बसलेय का?" क्वचित हा प्रश्न नवऱ्याकडून येतो, बहुतेक वेळा बायकोकडून. 'जा' किंवा 'नका जाऊ' हे सांगणं माझं काम नाही. एका जोडप्याचं काय झालं ते सांगते. दोघांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका बासष्ट वर्षांचे, काकू एकोणसाठच्या. (काका-काकू म्हणणं आमच्या व्यवसायाच्या शिस्तीत बसत नाही, पण मराठीत समोर बसलेल्या माणसाला नुसतं नावानं हाक मारायला माझी जीभ वळत नाही.) काका मूळचे अकोल्याचे, सॉफ्टवेअरमध्ये. काकू बे एरियातल्याच फ्रीमॉन्टमध्ये एका शाळेत मदतनीस, रविवारी मराठी शाळेत शिकवायच्या. घर १९९८ साली घेतलेलं. दोन्ही मुलं लांब, वेगवेगळ्या राज्यांत.

पहिल्याच भेटीत काकांनी लॅपटॉप उघडून माझ्यापुढे एक तक्ता धरला. डावीकडे फ्रीमॉन्ट, उजवीकडे सिल्व्हर सिटी, न्यू मेक्सिको. घराची किंमत, घरपट्टी, वीज, पाणी, गाडीचा विमा. उजवीकडचा प्रत्येक आकडा हिरवा. फ्रीमॉन्टच्या घराच्या पैशात तिथं दोन-तीन घरं येतील आणि वर आयुष्यभराची बेगमी होईल, असं ते गणित होतं. काकू गाडीची किल्ली हातात फिरवत बसल्या होत्या. तक्ता संपला तशा म्हणाल्या, "आपला आरोग्यविमा माझ्या नोकरीवर चाललाय. ती या तक्त्यात कुठं आहे?"

काकांनी लॅपटॉप मिटला. विमा काकूंच्या नोकरीवर का चाललाय, हे त्या दिवशी कोणीच बोललं नाही, मीही विचारलं नाही.

सिल्व्हर सिटी हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. न्यू मेक्सिकोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं, सुमारे ५,९०० फूट उंचीवरचं, दहा हजारांच्या आत वस्तीचं खाणगाव. १८७० साली चांदीसाठी वसलं, पुढे आसपासच्या तांब्याच्या खाणींवर जगलं. वरच्या डोंगरांवरची झाडं तोडली गेली, गवत गुरांनी संपवलं आणि १८९५च्या पुरात गावाचा मुख्य रस्ताच वाहून गेला. तिथं एवढी मोठी घळ पडली की दुकानांचे पुढचे दरवाजे निकामी झाले आणि लोक मागच्या गल्लीकडून ये-जा करू लागले. ती घळ आता बाग आहे. कोरड्या हवेमुळे क्षयाचे रोगी इथं हवापालटाला यायचे. जवळच्या फोर्ट बेयार्डमध्ये लष्करानं १८९९ साली क्षयरुग्णालयच काढलं. आपल्याकडे मिरजेला लोक जायचे ना, तसं. थोडक्यात, हवेसाठी तिथं येणारे काका काही पहिले नव्हते.

वीस वर्षांपूर्वी, मुलं लहान असताना, एका ऑक्टोबरात हे कुटुंब सिल्व्हर सिटीजवळच्या गीलाच्या रानातली, कड्याच्या कपारींत बांधलेली जुनी घरं बघायला गेलं होतं. परतताना दोन रात्री सिल्व्हर सिटीत राहिले. दारादारावर लाल मिरच्यांच्या माळा टांगलेल्या, संध्याकाळी लोक अंगणात खुर्च्या टाकून बसलेले. "आमच्या गल्लीसारखं होतं हो," काका म्हणाले. "आई गच्चीवर मिरच्या वाळवायची." त्या तक्त्याच्या मुळाशी ही गच्ची होती. त्यात वाईट काहीच नाही, मात्र तिची किंमत तक्त्यात घालता येत नाही.

दुसऱ्या भेटीला मी दोघांना एक काम दिलं: सिल्व्हर सिटीतला फेब्रुवारीतला एक साधा मंगळवार लिहून आणा, तासातासाचा, एकमेकांना न दाखवता. सणवार नको, पाहुणे नकोत.

काकांच्या मंगळवारी सकाळी फिरणं होतं, कॉफी होती, वाचन होतं, बागेत वाफे होते. चार वाजता चहा, तो अर्थात काकूंनी केलेला. पाच ते सात, 'गप्पा'. कोणाशी, ते लिहिलेलं नव्हतं. काकूंचा मंगळवार दुपारी बारालाच संपत होता. स्वयंपाक, आवराआवर, मुलांना फोन. पुढे एकच ओळ: 'हे झोपलेत.'

मी विचारलं, "या मंगळवारी घरात तुमच्यापैकी एकच जण असेल तर?"

काका उखडले. "काहून असे प्रश्न विचारता?" रागात त्यांची वऱ्हाडी वर येते. पण साठीनंतर घर घेताना हा प्रश्न मी प्रत्येक जोडप्याला विचारते. घर दोघं मिळून पसंत करतात आणि पुढे कधीतरी त्यात एकच माणूस राहतं. त्या एका माणसाला गाडी चालवता येते का, औषधं आणता येतात का, हाकेला कोण येईल? काकू गावात गाडी चालवायच्या, फ्रीवेवर कधीच नाही. तूरडाळ आणायची तरी एल पासो नाहीतर टूसॉन. लास क्रूसेस त्यातल्या त्यात जवळ, तेही ११० मैल.

इथं माझी एक चूक कबूल करते. मनातून मी तोवर काकूंच्या बाजूची झाले होते. चाळीस वर्षं जोडलेली माणसं सोडून बायकांनी नवऱ्याच्या हौसेमागे जायचं, हे मी माझ्या घरात पाहिलंय आणि तो सल माझा आहे, काकूंचा नव्हे. माझ्या वरिष्ठ समुपदेशकांनी तो माझ्या टिपणांत बरोबर पकडला. "तू काकांना एक तरी प्रश्न उत्सुकतेनं विचारलास का?" नव्हता विचारला.

मग पुढच्या वेळी विचारलं, "तिथलं सगळ्यात काय आवडेल तुम्हाला?" मला वाटलं, हवा म्हणतील, आकाश म्हणतील. ते म्हणाले, "तिथं कोणी विचारणार नाही, सध्या काय चाललंय म्हणून."

काकूंनी मान खाली घातली. बऱ्याच वेळानं काकांनी सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी कंपनीनं कमी केलं होतं. पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल, संध्याकाळी खातं बंद. मंडळात, शेजारी, अकोल्याच्या भावालासुद्धा एकच उत्तर: "सध्या कन्सल्टिंग करतोय." बे एरियात या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळतो आणि सगळे न कळल्यासारखं करतात. काकांना तेच सोसत नव्हतं. गणपतीच्या आरतीला जायचं त्यांनी सोडलं होतं, कारण प्रसाद घेताना लोक विचारपूस करतात.

म्हणजे स्थलांतर खोटं होतं का? अजिबात नाही. पैशाची काळजी खरी होती, मिरच्यांची गच्चीही खरी होती. फक्त घाई कशाची होती, ते आता तिघांनाही दिसत होतं.

आता व्यवहाराचं थोडं. ते मी सांगायचं नसतं, पण लोक कर सल्लागाराकडे जायच्या आधी माझ्याकडे येतात. कॅलिफोर्नियात १९७८च्या प्रपोझिशन १३मुळे घराचं करपात्र मूल्य वर्षाला जास्तीत जास्त २ टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे १९९८च्या घरावरचा कर आज शेजारी नव्यानं आलेल्याच्या मानानं कितीतरी कमी असतो. पंचावन्न वर्षांवरच्यांना ती सवलत दुसऱ्या घरावर नेता येते, पण राज्याच्या आतच. घर विकताना जोडप्याला साधारणपणे ५,००,००० डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त असतो. इतक्या जुन्या घरात नफा त्याच्या पुष्कळ वर जातो आणि वरच्या रकमेवर कर लागतो. शिवाय एकदा विकलं की याच भागात परत यायला आजचे भाव. काकूंनी एका वाक्यात सांगितलं, "हे दोर कापून गडावर चढणं झालं." आणि मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यविमा, पासष्टाव्या वर्षी. काकांना तीन वर्षं, काकूंना सहा. तोवर काकूंची नोकरी सुटली तर विम्याचा हप्ता खिशातून. एवढा एक रकाना घातल्यावर उजवीकडचं हिरवं बरंच फिकं झालं.

मी सुचवलं, विकू नका, भाड्यानं राहून या. काका म्हणाले, ऑक्टोबरात जाऊ. मी म्हटलं, ऑक्टोबर तुम्ही पाहिलाय, जून बघा. काकूंच्या शाळेलाही तेव्हाच सुट्टी. दहा आठवडे ठरले. अटी त्यांनीच घातल्या: पहिला महिना एकही विकाऊ घर बघायचं नाही. मध्ये एक आठवडा काका मोठ्याकडे जातील, एक आठवडा काकू धाकट्याकडे. रोज दोन ओळी वहीत लिहायच्या, वेगवेगळ्या वहीत.

एक अडचण माझी होती. माझा परवाना कॅलिफोर्नियाचा, ते न्यू मेक्सिकोत असताना व्हिडिओवर सत्र घेता येत नाही. त्यामुळे ते दहा आठवडे मला फक्त त्या वह्यांतून कळले, ऑगस्टात.

जून कोरडा, तापलेला. कुठंतरी रानात वणवा लागलेला, आठवडाभर धूर. भाड्याच्या घराच्या छपरावर कूलर, पाण्यावर चालणारा. काका खूश, त्यांना त्याचा वास अकोल्याच्या वाळ्याच्या ताट्यांसारखा वाटला. जुलैत दुपारचा पाऊस सुरू झाला. तिथले लोक त्याला मान्सूनच म्हणतात. हवेत दमटपणा आला तसा कूलर कुचकामी. 'हेही अकोल्यासारखंच', काकूंनी लिहिलं होतं, पण कौतुकानं नव्हे.

काका मोठ्याकडे गेले तो आठवडा. काकूंचे पहिले तीन दिवस कोरे. चौथ्या दिवशी: 'वाचनालयात गेले. मुलांना गोष्ट वाचून दाखवणारी बाई आली नव्हती. मी वाचली.' पाचव्या दिवशी: 'उद्या पुन्हा बोलावलंय.'

मग जुलैच्या शेवटी एका सकाळी काकांच्या डोळ्यापुढे काळे ठिपके नाचायला लागले. गावातल्या डॉक्टरांनी तपासून लगेच लास क्रूसेसला जायला सांगितलं. तपासताना डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या केल्यामुळे काकांना गाडी चालवता येईना. काकूंनी किल्ली घेतली. डेमिंग गावापर्यंत साधा रस्ता, पुढे आय-१० हा फ्रीवे. त्या पट्ट्यात धुळीची वादळं येतात. धुळीत सापडलात तर गाडी रस्त्याबाहेर घ्या, बंद करा, ब्रेकवरून पाय काढा, अशा पाट्याच लावल्यात. धूळ आली नाही. डोळाही वाचला. काकूंची नोंद: 'मी चालवली. ११० मैल. येतानाही.' त्याच दिवशीची काकांची: 'ही नसती तर?' मंगळवारच्या प्रश्नावर ते माझ्यावर का चिडले होते, ते मला इथं कळलं.

काकांच्या वहीतलं माझ्या लक्षात राहिलेलं पान मात्र दुसरंच. कॉफीच्या दुकानात रोज येणारा एक म्हातारा, जन्मभर तांब्याच्या खाणीत काम केलेला. त्यानं विचारलं, रिटायर झालास का? काकांच्या तोंडून निघून गेलं, नाही, काढून टाकलं. म्हातारा म्हणाला, मला दोनदा काढलं, तांब्याचा भाव पडला की काढतात. आणि त्यानं साखर मागितली. बस्स. इतके महिने जे अकोल्याला सांगता आलं नाही, ते असं साखर देताघेता बाहेर पडलं. पाच ते सातच्या रकान्यात तेव्हापासून एक नाव आलं.

परत आल्यावर काकांनी आधी भावाला फोन केला. मग मंडळात गणपतीला गेले आणि एकानं विचारल्यावर सरळ सांगितलं. विचारणाऱ्यानं बाजूला नेऊन सांगितलं, "माझंही मार्चमध्ये झालं."

घर विकलं नाही. मागच्या दोन खोल्या आणि न्हाणीघर वेगळं करून भाड्यानं दिलं, काका एका कम्युनिटी कॉलेजात शिकवतात, अर्धवेळ. काकू पासष्टाच्या होईपर्यंत विकायचं नाही असं ठरलंय, पुढचं पुढे. तोवर दर उन्हाळ्यात दहा आठवडे तिकडे. काकूंनी फ्रीवेचे धडे घेतले, रीतसर, शिक्षक लावून. विकाऊ घरांची पानं आता त्या बघतात, आणि पहिली अट, वाचनालयापर्यंत चालत जाता आलं पाहिजे. काका म्हणतात, "ही माझ्यापेक्षा पुढं निघाली," आणि त्यांना ते पूर्ण आवडलंय असं मला वाटत नाही. त्यावर आमचं काम अजून चालू आहे.

गेल्या आठवड्यात काकूंचा मेसेज आला: "उद्या निघतोय परत. बाजारात हिरव्या मिरच्या आल्यात, जाळीच्या पिंपात फिरवून भाजून देतात. दोन पोती घेतेय, गाडीभर वास सुटलाय. तुमच्यासाठी मध्यम घेऊ की तिखट?"