किचनरमधला पहिला हिवाळा: विंटर टायर दोन पुरतील की चारही हवेत, आणि बर्फात गाडी कशी चालवायची?

तुम्ही पुण्याहून कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या किचनरला नुकतेच आलात, जुनी कोरोला घेतलीत, तिला ऑल-सीझन टायर आहेत आणि ऑफिसात कुणीतरी सांगितलंय की पुढच्या चाकांना दोन विंटर टायर टाकले की भागतं. चारही घ्यावेत का, कोणते घ्यावेत आणि बर्फात चालवताना काय सांभाळावं, असं विचारलंय. मी बरीच वर्षं ऑन्टारियोत गाडी चालवतोय, त्यावरून सांगतो.

चारही घ्या. कोरोलाची ताकद पुढच्या चाकांना जाते, त्यामुळे पुढे दोन चांगले टायर टाकले की गाडी बर्फातून झकास निघते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. पण ब्रेक दाबला की वजन पुढे येतं आणि मागची चाकं हलकी होतात. वळणावर असं झालं की पुढची पकडून ठेवतात, मागची सुटतात आणि गाडी गर्रकन फिरते. पुढची चाकं घसरली तर ॲक्सिलरेटर सोडून गाडी सावरता येते. मागचा भाग फिरला तर ते नवख्या माणसाला सहसा जमत नाही.

बर्फातली खरी अडचण गाडी थांबवण्यात आणि वळवण्यात असते. पुढे जायला फारसं काही लागत नाही. म्हणूनच ऑल-व्हील-ड्राइव्हवाल्यांचं 'आमच्या गाडीला गरज नाही' हे बोलणं मनावर घेऊ नका. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी लवकर सुटते, पण ब्रेक तर प्रत्येकच गाडीचे चारही चाकांवर असतात. थांबताना उपयोग फक्त रबराचा.

थोडं गणित मांडतो, कारण मला स्वतःला ते नीट समजल्यावरच वेगाची भीती वाटू लागली. कोरड्या डांबरावर ५० किमी वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर साधारण १४-१५ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर घर्षण तिपटीने कमी होतं, तिथे तेच अंतर ४० मीटरच्या आसपास जातं. काचेसारख्या गोठलेल्या थरावर ते १०० मीटरला भिडू शकतं. तुम्ही विचार करून ब्रेकवर पाय नेईपर्यंत गाडी किती पुढे गेली, ते यात धरलेलंच नाही. अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणून त्याच गोठलेल्या रस्त्यावर ५० ऐवजी ३० ने गेलात तर ते ३५ मीटरवर येतं. टायर चांगले असले की हे आकडे खाली येतात, पण कोरड्या रस्त्याच्या जवळपासही जात नाहीत.

आता टायरबद्दल. विंटर टायर फक्त बर्फासाठी असतात हा समज इथे जन्मलेल्या लोकांतही आहे. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होऊ लागतं, ऑल-सीझनचंही, आणि रस्ता कोरडा असला तरी पकड कमी होते. विंटर टायरचं मिश्रण थंडीतही मऊ राहील असं केलेलं असतं. त्याच्या नक्षीच्या ठोकळ्यांवर बारीक बारीक चिरा असतात. चाक रस्त्याला टेकलं की त्या किंचित उघडतात, त्यांच्या कडा बर्फाला धरतात आणि वरचा पाण्याचा पातळ थर चिरांमध्ये शिरतो. खोल खाचांत बर्फ भरतो आणि बर्फावर बर्फ घट्ट धरतो, तेही कामाला येतं.

टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह आहे का, ते पाहा. ते बर्फावर चाचणी घेतल्यावरच मिळतं. नुसती 'एम प्लस एस' (चिखल आणि बर्फ) ही अक्षरं मात्र फक्त नक्षीच्या आकारावरून दिली जातात. तुमच्या ऑल-सीझन टायरवरही ती असतील, त्यांवर विसंबू नका. नोकियनचा हाकापेलिट्टा, मिशेलिनचा एक्स-आइस, ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक आणि कॉन्टिनेंटलचा व्हायकिंगकॉन्टॅक्ट ही इथली रुळलेली नावं. नोकियन ही फिनलंडची कंपनी, तिने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी हिवाळी टायर बनवला आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी हाकापेलिट्टा आणला. पण पहिल्याच वर्षी सगळ्यात महागडा घेतलाच पाहिजे असं नाही. मधल्या किमतीच्या कंपनीचे चार नवे टायर हे महागड्या कंपनीच्या झिजलेल्या टायरपेक्षा केव्हाही चांगले.

'ऑल-वेदर' नावाचा वेगळा प्रकार आहे, त्यावर डोंगर-हिमकणाचं चिन्ह असतं आणि ते वर्षभर ठेवता येतात. टोरांटोत राहून मेट्रोने जाणाऱ्याला ते पुरतील. किचनरहून पहाटे ४०१ महामार्गावर जाणार असाल तर माझं मत पूर्ण विंटर टायरच्या बाजूने. खिळ्यांचे टायर दक्षिण ऑन्टारियोत कायद्याने चालत नाहीत, त्यांचा विचार करू नका.

आकार ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, उदाहरणार्थ २०५/५५ आर १६. आधीच्या मालकाने भलतेच टायर चढवलेले असू शकतात, म्हणून स्टिकरच खरं माना. जमलं तर चार साधे लोखंडी रिमही घ्या. दरवर्षी टायर रिमवरून उतरवायचे आणि चढवायचे पैसे वाचतात, शिवाय रस्त्यावरच्या मिठाने चांगले रिम खराब होत नाहीत. रिमसकट सगळं मिळून हजार डॉलर किंवा थोडे जास्त जातील. ते वाया जात नाहीत, कारण तेवढे महिने दुसरे टायर झिजत नाहीत. विंटर टायर बसवल्याचं विमा कंपनीला कळवा. ऑन्टारियोत १ जानेवारी २०१६ पासून त्यावर सवलत देणं विमा कंपन्यांना बंधनकारक आहे.

जुने घ्यायचे असतील तर बाजूवर 'DOT' या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा. ३५२३ म्हणजे २०२३ चा ३५ वा आठवडा. सहा-सात वर्षांपूर्वीचं रबर नक्षी शाबूत असली तरी कडक झालेलं असतं. कायद्याने साधारण दीड मिमी नक्षीही चालते, पण ४ मिमीच्या खाली गेलेला टायर बर्फात घालू नका. नव्याची नक्षी साधारण ८-९ मिमी असते. चारही एकाच जातीचे हवेत.

क्वेबेकचा नियमही कुणीतरी सांगेल. तिथे १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत, पण ते क्वेबेकमध्ये नोंदवलेल्या गाड्यांना. ऑन्टारियोत अशी सक्ती नाही, म्हणूनच नवीन आलेले लोक टाळाटाळ करतात. टायरच्या दुकानाची वेळ दिवाळीच्या आधी घ्या. पहिला बर्फ पडल्यावर फोन केलात तर दोन-तीन आठवडे थांबावं लागेल, आणि नेमके तेच दिवस घसरण्याचे असतात. चाकं बदलल्यावर ८०-१०० किमी झाले की नट पुन्हा घट्ट करून घ्या.

हवेकडे लक्ष ठेवा. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय हवा कमी होते. सप्टेंबरच्या २० अंशांत भरलेली हवा जानेवारीत उणे १५ ला ६ पीएसआयने उतरलेली असेल. हवा कमी ठेवली की पकड वाढते असं आपल्याकडे सांगतात, ते इथे करू नका. स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच ठेवा.

चालवण्याचं म्हणाल, तर घाट उतरताना आपण जशी गाडी सांभाळतो तशी इथे सपाटीवरही सांभाळायची: आधीपासून वेग कमी, अचानक काही नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि ॲक्सिलरेटर ही तिन्ही कामं एकदम करू नका. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर वेग उतरवा, मग वळा, मग हळूच ॲक्सिलरेटर द्या. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या तिप्पट अंतर ठेवा. कोणी मध्ये घुसलं तर घुसू द्या, पुन्हा मागे या. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप एकसारखा ठेवणारी सोय) बंद.

गोठलेला रस्ता दिसत नाही, तो नुसता ओला वाटतो. पुलांवर तो आधी गोठतो, कारण थंडी खालूनही लागते. सिग्नलपाशी आणि चौकातल्या 'स्टॉप'च्या पाटीपाशी तर सगळ्यांच्या चाकांनी घासून तो गुळगुळीत झालेला असतो, तिथे फार आधीपासून वेग कमी करा. तापमान शून्याच्या आसपास असतं तेव्हा वर पाण्याचा थर असल्यामुळे सर्वांत निसरडं असतं. उणे १० च्या खाली रस्त्यावर टाकलेल्या मिठाचाही जोर ओसरतो.

गाडी घसरू लागली तर ॲक्सिलरेटर सोडा, नजर जिकडे जायचंय तिकडे ठेवा आणि स्टिअरिंग तिकडेच वळवा. समोरच्या खांबाकडे बघत राहिलात तर हात तिकडेच वळतात. एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) असेल तर ब्रेक जोरात दाबून धरून ठेवा. पायाखाली तो थरथरेल, घाबरून सोडू नका आणि जुन्या सवयीने पंपही करू नका. हे वाचून कळत नाही. पहिला चांगला बर्फ पडल्यावर पहाटे एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये, परवानगी असेल तर, २० च्या वेगाने हे सगळं करून बघा. तुमची गाडी थांबायला किती जागा खाते हे पायाला कळलं की रस्त्यावर आपोआप अंतर वाढतं.

निघण्याआधी छतावरचा बर्फही साफ करा, नुसती समोरची काच नको. तो ब्रेक लागल्यावर काचेवर येतो किंवा मागच्याच्या अंगावर उडतो. दिवे स्वतः हाताने लावा. सप्टेंबर २०२१ च्या आधीच्या अनेक गाड्यांत दिवसा आपोआप लागणारे दिवे फक्त पुढे असतात, मागे अंधारच असतो, आणि वाऱ्याने उडणाऱ्या बर्फात मागून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. ह्यूरॉन सरोवराकडून येणारे बर्फाचे झोत पाच मिनिटांत समोरचं सगळं पुसून टाकतात. तसं झालं तर हेडलाइट लो बीमवर ठेवा, वेग कमी करा आणि पुढच्या एक्झिटने बाहेर पडा. लेनमध्ये थांबू नका. निळे दिवे लुकलुकणारी बर्फ काढणारी गाडी दिसली तर तिच्या मागे बराच दूर राहा. ओव्हरटेक नको, तिच्या पुढचा रस्ता मागच्यापेक्षा वाईट असतो.

डिकीत ब्रश-खरवडणी, छोटं फावडं, ब्लँकेट, थोडी वाळू आणि उणे ४० चं वॉशर फ्लुइड असू द्या. उन्हाळी फ्लुइड काचेवर गोठतं. कुठे अडकलात आणि मदत यायला वेळ असेल तर गाडी सोडून चालत निघू नका. सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ आधी काढा, नाहीतर विषारी धूर आत शिरतो. मग तासाला दहा मिनिटं इंजिन लावा आणि तेवढा वेळ एक काच बोटभर उघडी ठेवा.

आणि मार्चमध्ये दोन दिवस ऊन पडलं म्हणून पाडव्याला टायर काढायची घाई करू नका. एप्रिलमध्येही इथे बर्फ पडतो. सकाळचं तापमान सलग ७ अंशांच्या वर राहू लागलं की काढा, आणि कोणतं चाक कुठे होतं ते खडूने लिहून ठेवा.