वाचकांचे प्रश्न : राजा कैदेत असूनही सायमन का हरला?

प्रश्न : गुरुजी, बंडखोर सरदार सायमन द माँटफर्टनं इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्री राजाले कैदेत ठेवलं होतं. मग १२६५ मध्ये ईव्हशमच्या लढाईत तो हरला कसा? अन् त्यानं भरवलेल्या पार्लमेंटचं पुढं काय झालं?
— अकरावीतली वाचक, वर्धा नदीकाठचं गाव

उत्तर : पोरी, राजा हातात होता, पण सोबती तुटला. १२६४ च्या मे महिन्यात लुईस गावाजवळच्या लढाईत सायमन राजाविरुद्ध जिंकला, तेव्हा ग्लॉस्टरचा तरुण सरदार गिल्बर्ट द क्लेअर त्याच्याच बाजूनं लढला होता. पुढं किल्ले अन् जमिनी सायमनच्या पोरांच्या पदरात पडू लागल्या, तसा गिल्बर्ट बिथरला. माझ्या मते सायमन तिथंच हरला.

मे १२६५ मध्ये राजाचा मुलगा एडवर्ड हेरफर्डला सायमनच्या कैदेत होता. घोडे पारखायचे म्हणून त्यानं एकेक घोडा पळवून दमवला आणि ताज्या घोड्यावर बसून पसार झाला. गिल्बर्ट त्याला मिळाला. सायमनचा मुलगा बापाच्या मदतीला निघाला होता. त्याची माणसं केनिलवर्थला किल्ल्याबाहेर निजली असताना एडवर्डनं छापा घातला, त्यांची निशाणंही नेली.

वर्धेच्या वळणातली गावं तू पाहिलीच आहेस, तिन्ही बाजूंनी पाणी अन् पूल बुडाला की कोंडमारा. ईव्हशम तसंच एव्हन नदीच्या वळणात आहे. ४ ऑगस्टच्या सकाळी मुलाची निशाणं दिसली, सायमनच्या लोकांना वाटलं, मदत आली. ती एडवर्डची फौज होती! उत्तरेची टेकडी त्याच्या ताब्यात, पूल त्याचा साथीदार रॉजर मॉर्टिमरनं अडवलेला. वादळी पावसात सायमन टेकडीवर चढून भिडला. शत्रूची फौज कितीतरी मोठी होती. सायमन पडला, त्याच्यासोबत असलेला त्याचा दुसरा एक मुलगा, हेन्री, तोही पडला. सायमनच्या प्रेताचे हातपाय अन् डोकं तोडलं. एका इतिवृत्तकारानं याला लढाई न म्हणता खून म्हटलं, आणि मला ते पटतं. बंदिवान राजालाही सायमनसोबत रणात आणलं होतं. खांद्याला जखम झाली तेव्हा तो ओरडला, मी तुमचा राजा हेन्री, मला मारू नका! म्हणून वाचला.

सायमनचे लोक केनिलवर्थचा किल्ला डिसेंबर १२६६ पर्यंत लढवत राहिले, शेवटी उपासमारीनं शरण आले. पार्लमेंटचं म्हणशील, तर जानेवारी १२६५ च्या सभेला त्यानं परगण्यांतल्या सरदारांसोबत शहरांचेही प्रतिनिधी बोलावले होते. त्याला हरवणाऱ्या एडवर्डनंच राजा झाल्यावर १२९५ मध्येही शहरांचे प्रतिनिधी बोलावले.