१९७२ ची डॅटसन २४०-झेड घरच्या गॅरेजमध्ये पुन्हा उभी करता येईल का, आणि सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिले आहे की ओहायोमध्ये एका शेडमध्ये बरीच वर्षे उभी असलेली १९७२ ची २४०-झेड तुम्हाला मिळते आहे, इंजिन जाम असल्यामुळे मालक किंमत उतरवायला तयार आहे आणि घरच्या गॅरेजमध्ये इंजिनापासूनच काम हाती घ्यावे असा तुमचा विचार आहे. हे काम घरी नक्कीच होऊ शकते. मी स्वतः शेजारच्या मिशिगनमध्ये याच गाडीवर काम केले आहे आणि त्या अनुभवावरून एकच गोष्ट आग्रहाने सांगेन: जाम झालेले इंजिन ही या गाडीतली सर्वांत कमी काळजीची बाब आहे. गाडी घ्यायची की नाही, हे तिच्या पत्र्यावरून ठरवा.

ही गाडी जपानमध्ये १९६९ च्या अखेरीस निसान फेअरलेडी झेड या नावाने आली. अमेरिकेतील निसानचा कारभार तेव्हा युताका काटायामा पाहत होते. हे नाव इथल्या ग्राहकाला रुचणार नाही अशी त्यांची खात्री होती आणि म्हणून ती इथे डॅटसन (निसानचेच दुसरे नाव) २४०-झेड झाली. तिचे एल-२४ इंजिन सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरचे, २३९३ सीसीचे असून ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट वरच्या बाजूला, साखळीवर फिरणारा आहे. याच घराण्यातली एल-२६ आणि एल-२८ इंजिने पुढच्या २६०-झेड आणि २८०-झेडमध्ये बसवली गेली, त्यामुळे पिस्टन रिंगांपासून गॅस्केटपर्यंत बहुतेक सुटे भाग आजही सहज मिळतात. पत्र्याचे मात्र तसे नाही. या गाडीला वेगळी चॅसिस नाही. तळाचा पत्रा, त्याखाली वेल्डिंगने जोडलेल्या पोकळ रेल आणि दारांखालचे उंबरे मिळूनच गाडीचा सांगाडा बनतो. त्या काळी गंजापासून संरक्षण अगदी जुजबी असे, आणि आपल्या या भागात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पडते. गाडी शेडमध्ये येण्यापूर्वी तिने असे किती हिवाळे काढले, हे मालकाला अवश्य विचारा.

पाहायला जाताना सोबत टॉर्च, कापडात गुंडाळलेले छोटे लोहचुंबक आणि अंगावरचे जुने कपडे असू द्या, कारण गाडीखाली झोपावे लागेल. प्रथम बॉनेट उघडून उजवीकडे मागच्या कोपऱ्यातला बॅटरीचा ट्रे पाहा. वर्षानुवर्षे गळलेले आम्ल तिथून खाली उतरते आणि थेट त्याच्या खालची रेल व पायाजवळचा पत्रा खाते, म्हणून ट्रेला भोक दिसले की खालचे नुकसान झाले आहे असेच गृहीत धरा. त्यानंतर विंडस्क्रीनच्या खालची जाळी पाहा. तिथे साचलेला पालापाचोळा पाणी अडवून धरतो आणि ते पाणी पुढच्या मडगार्डच्या मागून उंबऱ्यात मुरते. मागच्या चाकापुढचा खालचा कोपरा, स्टेपनीची खोलगट जागा आणि मागच्या दरवाज्याचे रबर जिथे टेकते ती कड, या तीन जागाही सोडू नका. रंग चकचकीत असूनही चुंबक धरत नसेल, तर आत पुट्टी भरलेली आहे. तळाच्या रेलवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत पुढून मागे जा: शाबूत पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द. शेवटी दोन्ही दारे हळूच उघडून पाहा. उघडताना दार खाली बसत असेल किंवा भोवतालची फट वरखाली असमान असेल, तर बिजागरी तरी झिजली आहे किंवा सांगाडाच वाकला आहे. दुसरी शक्यता दिसली, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी मी ती सोडून देईन.

पत्रा कापायची वेळ आली, तर त्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या पट्ट्या वेल्ड करून चौकट पक्की करा आणि गाडी समपातळीत टेकवा. अन्यथा तळ कापताच सांगाडा सरकतो आणि नवा पत्रा लावल्यावर दारे बसत नाहीत. तळावर आवाज दाबण्यासाठी डांबरी थर चिकटवलेला असतो. तो तापवून खरवडण्यापेक्षा त्यावर कोरडा बर्फ पसरावा, काही मिनिटे थांबावे आणि हातोडीने हलके ठोके द्यावेत. थर काचेसारखा तडकून मोठाल्या तुकड्यांत सुटतो. हे करताना गॅरेजचे दार सताड उघडे ठेवा, कारण कोरड्या बर्फातून निघणारा कार्बन डायऑक्साइड खाली साचतो आणि तुम्ही त्याच पातळीवर वाकून काम करत असता. वेल्डिंगसाठी मिग यंत्र (तार आपोआप पुढे सरकवणारे वेल्डिंग यंत्र) पुरेसे आहे. पत्रा मिलिमीटरभर किंवा त्याहूनही पातळ असल्यामुळे सलग टाका न मारता, दूरदूर ठिपके देत, प्रत्येक ठिपका निवू देत पुढे जावे लागते. हे आधी भंगार पत्र्यावर शिकून घ्या. काम झाल्यावर रेल आणि उंबऱ्यांच्या पोकळीत मेणयुक्त गंजरोधक फवारायला विसरू नका, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या बाजूचे जुने संरक्षण जळून गेलेले असते.

आता इंजिनाकडे वळू. स्टार्टरला हात लावू नका. सहाही प्लग काढून सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे तेल ओता, काही दिवस मुरू द्या आणि मग क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) पुढच्या बोल्टवर २७ मिलिमीटरचा सॉकेट लावून हाताने पुढेमागे हलके झोके द्या. उभ्या गाडीत बहुधा रिंगाच भिंतीला धरलेल्या असतात आणि त्या सुटतात. हेड काढावेच लागले, तर कॅमचे दातेरी चाक सोडवण्यापूर्वी साखळीच्या दोन पदरांमध्ये लाकडी पाचर घट्ट ठोकून साखळी ताणलेली ठेवा. ती सैल पडली की आतला, साखळी ताणून धरणारा टेन्शनर बाहेर येतो आणि तासाभराच्या कामासाठी पुढचे संपूर्ण कव्हर खोलावे लागते. त्याच वेळी कॅमवर तेल शिंपडणाऱ्या नळीची बारीक भोके तारेने मोकळी करा. ती बुजली की कॅमचे उंचवटे झिजतात आणि व्हॉल्व्हच्या खटखटीचे ते एक कारण असते. व्हॉल्व्हचे अंतर गरम इंजिनावर इनलेटला ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर ठेवायचे असते. १९७२ च्या गाडीवर गोल टोपीचे दोन कार्ब्युरेटर असायला हवेत. ते सपाट टोपीचे दिसले, तर ते १९७३ च्या गाडीतले आहेत; गरम झाल्यावर त्रास देतात म्हणून अनेकजण तेच काढून जुने बसवतात. बॉनेटखालच्या पट्टीवरचा इंजिन क्रमांक ब्लॉकवर कोरलेल्या क्रमांकाशी जुळतो का, हेही पाहून ठेवा. पुढे किमतीत त्याचा फरक पडतो.

घरी काम करणाऱ्याचा सर्वांत जास्त वेळ खाणारी जागा मागच्या सस्पेन्शनमध्ये आहे. मागच्या खालच्या आर्ममधून एक लांब पिन आरपार जाते, तिला मधोमध एक आडवी कुलूपपिन धरून ठेवते, आणि पन्नास वर्षांच्या ओलाव्याने ती लांब पिन बुशच्या (आर्ममधल्या रबरी गादीच्या) आतल्या नळीशी गंजून एकजीव झालेली असते. टोकावर हातोडा मारण्याचा मोह आवरा. ठोक्याने टोक पसरून आटे बिघडतात आणि मग पिन कुठल्याच बाजूने निघत नाही. आधी कुलूपपिन पूर्ण काढा, गंजतेल रोज थोडे थोडे सोडा आणि आट्यांवर बसणारा पुलर वापरून पिन ओढून काढा. तरीही हलली नाही, तर आर्म आणि स्ट्रट (चाकाजवळचा उभा शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा खांब) यांच्या फटीतून बुशसकट पिन कापणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे, कारण पिन आणि बुश दोन्ही नवे मिळतात. स्ट्रटचे घर मात्र जपायला हवे.

वायरिंगबाबत एवढेच की या गाडीत हेडलाइटचा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून आणि फ्यूज बॉक्समधून जातो, मध्ये रिले (मोठा प्रवाह स्वतः पेलणारे विद्युत स्विच) नाहीत. त्यामुळे फ्यूज बॉक्सचे प्लास्टिक वितळलेले दिसले तर नवल नाही. नवा बॉक्स घालताना हेडलाइटसाठी रिले बसवा. ब्रेकचे आणि पेट्रोलचे सर्व रबरी पाइप डोळे झाकून बदला, ते वरून कितीही चांगले दिसोत. जुने रबर आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकत नाही, आणि पेट्रोलचा गळका पाइप तापलेल्या एक्झॉस्टजवळ असतो.

सिलिंडरचे बोअरिंग, हेड घासून सपाट करणे आणि शेवटचा रंग ही कामे मी बाहेर देतो. पहिल्या दोहोंना यंत्रे लागतात आणि रंगाला धूळमुक्त, हवेशीर बंद जागा. रंग कधी, असा प्रश्न पडेल, तर गाडी एकदा पूर्ण जोडून, चालवून, दारांच्या फटी जुळवून, मग पुन्हा सुटी करून रंगवावी. यात दुप्पट मेहनत आहे, पण नव्या रंगावर ग्राइंडर चालवण्याची वेळ येत नाही.

पाहणी करून आलात की बॅटरीचा ट्रे, तळाच्या दोन्ही रेल, उंबरे, मागच्या चाकापुढचे कोपरे आणि स्टेपनीची जागा यांचे फोटो इथे टिप्पणीत द्या. किंमत ठरवण्यापूर्वी दिलेत तर अधिक बरे.